वैजनाथाच्या नावावर खपवलेलं ऑपरेशन

परळीला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. बेल, भस्म, रुद्राक्ष, पितळी पिंडी, पोथ्या, सगळं मिळतं. माझं वजन एकशे एकोणीस किलो होतं त्या काळात मी गल्ल्यावर बसले की मागचं पिंडींचं कपाट गिऱ्हाइकाला दिसत नसे. म्हणून आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, मोठ्या आदरानं म्हणायचे, "जरा खिडकीकडं सरकून बस, तिकडं वारं हाय." वाऱ्याचा काही संबंध नव्हता. खिडकीच्या बाहेर रसवंतीचं इंजिन होतं आणि त्याचा धूर थेट तोंडावर यायचा. तरी मी सरकायची.

मालक निदान आडून बोलायचे. गावाला तेवढाही वेळ नव्हता. लग्नकार्यात पंगतीला बसले की वाढपी न विचारता दुसऱ्यांदा माझ्या पानाशी थांबायचा आणि "लाजू नका वैनी" म्हणून दोन जिलब्या टाकून जायचा. मी लाजत नव्हते, माझं पोट भरलेलं असायचं. पण जाड बाईचं पोट भरलंय यावर आपल्याकडे कुणाचाच विश्वास बसत नाही. जिलब्या टाकून कशा द्यायच्या, म्हणून मी त्या खायची, आणि मग समोरच्या पंगतीतल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या.

ऑपरेशन करायचं ठरवलं ते माझ्या गुडघ्यांनी. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठराची एक लहानशी पिशवी करायची, आतड्याचा सुरुवातीचा तुकडा वगळायचा आणि ती पिशवी थेट पुढच्या आतड्याला जोडायची. मालकांनी चित्र हातात घेऊन नीट बघितलं. "म्हंजे बायपास रोड," ते म्हणाले. "गाडी गावात शिरणारच न्हाई." डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी बरोबर. मालक परळीपर्यंत स्वतःवर खूश होते.

प्रश्न ऑपरेशनचा नव्हता, लोकांना काय सांगायचं याचा होता. लोक म्हणजे फार कुणी नाही. लोक म्हणजे माझी धाकटी जाऊ.

दीर शेती बघतात, मालक दुकान, आणि स्वयंपाकघर आम्हा दोघींचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दोन वर्षं जुनी सून होते, म्हणजे तिच्या मानानं अनुभवी. बावीस वर्षं आम्ही एका ओट्यावर स्वयंपाक केला. सासूबाईंची बोलणी मिळून खाल्ली, मिळून त्यांच्या नकला केल्या, आणि त्या गेल्या तेव्हा मिळून रडलोही. ती मला आक्का म्हणते. माझ्या अंगाचं असं काही नाही जे तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्यासारखी जाड नाही, पण बारीकही नाही. तिला साखर आहे, रोज सकाळी गोळी चालू आहे. तिलाच मी खोटं सांगितलं, आणि त्याला कारण होतं.

लातूरकडच्या आमच्या एका नातेवाईक बाईनं असलंच ऑपरेशन करून घेतलं होतं. ती बातमी आली तेव्हा आम्ही दोघी मेथी निवडत होतो. धाकटी म्हणाली, "पैसे देऊन उपाशी राहायचं? तोंडाला कुलूप लावता येत न्हाई म्हणून पोट कापायचं? लाज कशी न्हाई वाटली तिला!" मी मान डोलावली. मान डोलावताना माझ्या कपाटात संभाजीनगरच्या दवाखान्याची फाइल साड्यांच्या खाली ठेवलेली होती, आणि तारीखही ठरली होती.

म्हणून पित्ताशयात खडा झाला. खडा ही फार सोयीची गोष्ट आहे. कुणालाही होतो, त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही. ऑपरेशनला मालक बरोबर होते. धाकटीनं निघताना माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाली, "खड्याला काय भ्यायचं, चार दिवसांत माघारी येताल."

आले. पण खड्यावाली बाई महिन्याभरात जेवायला लागते. मी सहा महिने झाले तरी वाटीभर वरणाच्या वर जात नव्हते. अर्ध्या भाकरीवर पोट गच्च व्हायचं. बायका विचारायला लागल्या, कावून जेवत नाहीत? एके दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकानं हेच विचारलं. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात मालक गल्ल्यावरून बोलले, "सोळा सोमवार धरल्यात तिनं. लई कडक." त्यांना वाटलं, बायकोची अब्रू राखली. त्या दिवशी वारही नेमका सोमवारच होता.

तिथून पुढं जे झालं त्यात माझा हात नव्हता असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. वजन दर महिन्याला उतरत होतं. चोळीचे ब्लाउज झाले, ब्लाउजच्या पिशव्या झाल्या. सोळा सोमवार संपून गेले तरी मी उतरतच होते, म्हणून लोकांनीच ठरवलं की मी दुसरे सोळा धरले. "बघा, वैजनाथानं कशी काया पालटली," असं बायका पायऱ्यांवर बसून सांगायच्या. आमच्या मालकांनी तर एक पाकीटच तयार केलं. त्यात एक भस्माची वडी, पाच मण्यांची माळ, पोथी आणि वाळलेला बेल. गिऱ्हाईक "वैनीनं धरलेल्या सोमवारचं सामान" असं म्हणून मागायचं आणि मालक माझ्याकडे न बघता काढून द्यायचे. जी बाई कपाट झाकते म्हणून खिडकीकडं सरकवली जायची, तिला आता गल्ल्याच्या मधोमध बसवलं जात होतं.

मला ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षं लोकांनी मला हावरट समजलं होतं, आता तपस्वी समजत होते. खरी मी दोन्ही नव्हते, पण निवडायला मिळालं तर माणूस काय निवडेल? मी साधी पांढरट पातळं नेसायला लागले. बोलताना आवाज थोडा खाली आणला. देवाच्या नावावर इतकं खोटं रेटतोय याची भीती वाटायची, पण ती सकाळी आंघोळीपुरती.

दीड वर्ष झाल्यावर अंगातलं काहीतरी बिनसायला लागलं. भर मे महिन्यात, परळीच्या उन्हात, मला थंडी वाजायची. केसांचा गुंता कंगव्यात गोळा व्हायचा. देवळाच्या पायऱ्या, ज्या मी एकशे एकोणीस किलोंसकट चढायची, त्या आता अर्ध्यावर आल्या की छातीत धडधडायला लागायचं. मी खांबाला टेकून डोळे मिटून उभी राहायची. येणारे-जाणारे हळू आवाजात बोलायचे, ध्यान लागलंय म्हणून. एक म्हातारी तर माझ्या पाया पडून गेली. मला चक्कर येत होती म्हणून मी तिला अडवू शकले नाही.

आणि मग भस्म. हे सांगायला मला आजही जीभ अडते. दुकानात भस्माच्या वड्यांची पेटी असते. आम्ही शंकराची माणसं, कपाळाला तीन पट्टे लहानपणापासून. पण ती वडी कपाळापर्यंत जाण्याआधी तोंडात घालावी असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. आता तिचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. आधी चिमूटभर जिभेवर. मग कोपरा कुरतडायचा. मग पूर्ण वडी, कुरकुर आवाज करत, गिऱ्हाईक नसताना. दाराशी पावलं वाजली की उरलेला तुकडा पदराच्या गाठीत. आमचं गाव थर्मलचं, म्हणजे वीजकेंद्राचं गाव, राख इथं गच्चीवरच्या पापडांवरही असते, आणि मी मात्र पेटीतली वेचून खात होते.

धाकटीनं एकदा बघितलं. ओठांना पांढरं लागलेलं होतं. मला वाटलं, संपलं. तिनं क्षणभर बघितलं आणि माझ्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. "आक्का, परसाद म्हणून खाताव का?" मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी एव्हाना पटाईत झाले होते.

शेवटी मालकांनीच मला अंबाजोगाईला नेलं. दुकानात बसल्या बसल्या माझी मान गल्ल्यावर पडली, तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं आणि ते हात जोडून उभं राहिलं, म्हणून मालक घाबरले. डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही चालत आलात याचंच मला नवल वाटतंय."

त्यांना सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांना खरं सांगायला मला कधी अडचण आली नाही, ते परळीचे नव्हते. त्यांनी विचारलं, ऑपरेशननंतर लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, त्या घेता का? घेत होते. कशाबरोबर? चहाबरोबर. दुकानात दिवसातून आठ वेळा चहा होतो, आणि परळीत चहाला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या घराण्याला नाव ठेवणं. जेवता येत नव्हतं, निदान चहा तरी घ्यावा म्हणून मी सगळ्यांबरोबर घ्यायची, अर्धा अर्धा कप. आणि भस्म? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शरीरात लोह कमी पडलं की माणूस माती, खडू, राख, कच्चे तांदूळ असलं काहीही खायला लागतो, म्हणाले. आणि चहा काय, राख काय, दोन्ही मिळून गोळीतलं उरलंसुरलं लोहही अंगी लागू देत नाहीत. तशीही ती गोळी तुम्हाला फारशी लागणार नव्हती. लोह आतड्याच्या ज्या तुकड्यात शोषलं जातं, तोच तुकडा ऑपरेशनमध्ये वगळलाय.

"म्हंजे लोखंडाचा थांबा गावात हाय," मालक हळूच म्हणाले, "आन् गाडी बायपासनं चाल्ली." या वेळी ते स्वतःवर खूश नव्हते.

लोह शिरेतून द्यायचं ठरलं. एक दिवसाआड एक बाटली, अशा पाच. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि पुढचा सोमवार, बुधवार. सोमवार दुकानाचा मोठा दिवस, म्हणून मालक येऊ शकणार नव्हते. आणि घरी काय सांगायचं? ते तयारच होतं. अंबाजोगाईत योगेश्वरी आहे. मी म्हणाले, पाच वाऱ्या बोलल्यात देवीला. धाकटी म्हणाली, "आधी म्हादेव, आता देवी बी. आक्का, तुमी तर समदं गोत्रच धरलं." तिच्या आवाजात थट्टा नव्हती, त्याचंच मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत मी जीपमध्ये बसले.

बाटलीतलं औषध कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. मला चहा बंद करायला सांगून तोच थेंब थेंब हातात सोडतायत असं वाटलं. सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन ब्लड प्रेशर बघायच्या, अंगाला खाज, छातीत दडपण काही वाटतं का विचारायच्या. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव यायची. "बरोबर कुणी आहे का?" असं त्या विचारायच्या. मी सांगायची, "हायेत, खाली चहाला गेल्यात." शुक्रवारपर्यंत सिस्टरनाही शंका आली की खाली इतका चहा कोण पितंय.

या सगळ्यात मी एक गोष्ट बघत होते आणि बघून न बघितल्यासारखं करत होते. धाकटीनं सोमवार धरले होते. तिसऱ्या सोमवारी तिनं पाणीही सोडलं. मी फक्त एकदा म्हणाले, "गोळी चालू हाय तुझी, जपून गं." ती म्हणाली, "तुमाला जमलं, मग मला कावून न्हाई जमायचं?" एका वाक्याचं काम होतं. आक्काला काहीही जमलेलं नाही, आक्काचं पोट कापलेलं आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि मी ते गिळलं. तीन किलो कमी झाले म्हणून ती किती आनंदात होती! मला वाटलं, दोन-चार सोमवारांत कंटाळेल. मला हे वाटणं फार सोयीचं होतं.

सातव्या सोमवारी मी अंबाजोगाईला चौथ्या बाटलीखाली पडले होते. मालकांचा फोन आला. "धाकटी देवघरात पडली. घामानं वली चिंब झालीय, बोलंना. गल्लीतल्या डाक्टराकडं आणलीय. तू लगी ये." मी उठून बसले. सिस्टर धावत आल्या, बाटली अजून संपायची होती. मी म्हणाले, काढा. त्या म्हणाल्या, ताई, असं मध्येच काढत नाहीत. मी इतक्या जोरात "काढा" म्हणाले की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला.

जीपमध्ये अंबाजोगाई ते परळी मी काय काय बोलले ते मलाच माहीत. वैजनाथाला म्हणाले, माझं काय करायचं ते कर, हिच्या अंगावर काढू नको. जीपवाला दर गावाला थांबत होता, माणसं भरत होता, आणि मी त्याला शिव्या देत होते. तपस्वी बाईच्या तोंडी तसल्या शिव्या त्यानं आधी ऐकल्या नसतील.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. हाताला ग्लुकोजचं सलाईन होतं, ओठ कोरडे, कपाळावरचं भस्म घामानं ओघळून भुवईत आलं होतं. डॉक्टर दिरांना बोलत होते, दीर मातीच्या पायांनी तसेच शेतातून आलेले. "साखरेची गोळी घ्यायची आणि वर पाणीसुद्धा न पिता दिवस काढायचा? अजून थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. कुणी सांगितलं हिला असं करायला?"

धाकटी पडल्या पडल्या म्हणाली, "कुणी न्हाई सांगितलं. आक्काचं बघून केलं."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. दिरांनाही. खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "खडा नव्हता गं."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. जठर, आतडं, संभाजीनगर, फाइल साड्यांखाली होती ते, मेथी निवडत होतो ते, सोमवार मी कधी धरलेच नाहीत ते. भस्म आजार म्हणून खाल्लं ते. योगेश्वरीच्या देवळात मी पायसुद्धा ठेवला नाही ते. मधे मधे मी थांबायची, वाटायचं ती काही बोलेल.  शेवटी म्हणाली, "दावा." मी पदर बाजूला केला. पोटावर पाच लहान खुणा. ती सलाईन नसलेल्या हातानं एकेका खुणेवर बोट ठेवत गेली. "खड्याच्या म्हणल्या व्हत्या ह्या," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मंगळवारी तिला घरी आणलं. नंतर तिनं माझ्याशी अबोला धरला. एका स्वयंपाकघरात अबोला धरणं सोपं नसतं, बोलावं लागतंच, म्हणून ती भांड्यांशी बोलायची. पीठ संपलंय हे ती डब्याला सांगायची. मीठ जास्त झालंय हे कढईला. मी जवळून गेले की पदर आवरून घ्यायची. मला वाटलं, ती गल्लीभर सांगेल. एका अर्थी ते मला हवंही होतं, म्हणजे मला सांगावं लागलं नसतं. पण तिनं कुणालाच सांगितलं नाही, दिरांनासुद्धा नाही. दुकानात पाकिटं तशीच टांगलेली होती. मालकांना मी म्हणाले, काढा ती. ते म्हणाले, "आता काढली तर लोक इचारतील." तेही खरं होतं.

सोमवारची बाटली मधेच सोडलेली असल्यामुळे डॉक्टर रागावले, आणि म्हणाले, बुधवारीच नव्हे, पुढच्या आठवड्यात शुक्रवारीही यायचं. बुधवारी एकटीच गेले. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी जीपमध्ये बसले तर मागून धाकटी आली. हातात डबा. माझ्याशेजारी बसली आणि पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिली. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती उतरली असती.

सिस्टरनी सुई लावताना विचारलं, "आज बरोबर कुणी आहे का?" मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "मी हाय." आणि स्टूल ओढून बसली. बाटलीतला रंग तिनं बराच वेळ न्याहाळला. डबा उघडला, त्यात पालक घालून केलेली डाळ होती, वर लिंबू पिळलेलं. लिंबानं लोह अंगी लागतं असं डॉक्टर मला म्हणाले होते. तिला कुणी सांगितलं होतं ते मला माहीत नाही.

अर्धी बाटली झाली असेल, तोच दारातून हाक आली. "अगं बाई, वैनी तुमी हितं?" आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणारी बाई. तिचे सासरे शेजारच्या वॉर्डात होते. हातात नारळपाणी, कपाळाला भस्माचे ताजे पट्टे. माझ्या हाताकडे बघून ती दचकली. "काय झालं हो? आन् हे काळं सलाईन कशाचं?" मग माझ्या उत्तराची वाट न बघता धाकटीला म्हणाली, "उपासानं झालं आसंल. लई कडक करत्यात वैनी. मी बी धरल्यात आता, नववा चालू हाय. बीपीची गोळी हाय मला, पर त्या दिवशी मी ती बी घेत न्हाई, उपासाला चालत न्हाई म्हणून."

मला कळत होतं की आता बोललंच पाहिजे.  गावातली शेवटची अब्रू त्या नारळपाण्याच्या बाईबरोबर दारातून बाहेर जाणार होती, आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, निसटायला कुठला तरी रस्ता सापडतो का ते शोधत होते.

"उपास-बिपास काय न्हाई," धाकटी म्हणाली. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज. "आक्कानं पोट कापून घेतलंय. संभाजीनगरला. जाडी कमी करायचं आपरेशन असतंय, ते. मग अंगात लोखंड राहीना, म्हणून हे चढवायचं चाललंय. म्हादेवाचा काय संबंध न्हाई. मी बघून बघून उपास धरला आन् मरता मरता वाचले. तुमी आधी ती गोळी घ्या जाऊन. आजच्या आज. आन् ज्यांनी ज्यांनी पाकीट नेलंय त्यांला बी सांगा."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली. या वेळी ती खरी होती, तरी जड गेली. बाई नारळपाणी तसंच हातात धरून निघून गेली, आणि पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा माझ्या पोटाकडे बघू लागला.

"लाज वाटली का?" धाकटीनं विचारलं. अकरा दिवसांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"वाटली."

"वाटू द्या."  मग बाटलीकडे बघत म्हणाली, "मी त्या लातूरच्या बाईला बोलले, ते चुकलंच माझं. पर ते तुमाला न्हवतं आक्का. तुमी सांगितलं असतं तर मी आधी भांडले असते, आन् मग संग आले असते." तिनं स्टूल खाटेजवळ ओढलं. "तुमी तिकडं टेबलावर पडल्या व्हत्या, आन् मी हितं सांडगे घालत व्हते. हसत व्हते. तुमी तिथंच गेल्या असत्या, तर मी येईल त्याच्या गळ्यात पडून, आक्का खड्यानं गेल्या, असं खोटंच सांगत बसले असते. आन् मला म्हाईत बी नसतं, मी खोटं सांगतेय म्हणून."

 मी रडायला लागले, आणि रडताना हात हलला म्हणून सुईची जागा दुखली. सिस्टर आल्या, दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेल्या. धाकटीनं माझा हात दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरला.

"हलू नका," ती म्हणाली. "अर्धी ऱ्हायलीय अजून."